हत्ती आणि मावा

"हत्ती लागला. दोन दिसात वाफसा येईल. येतोस का?"

नानांचा हा फोन दरवर्षी सप्टेंबरच्या शेवटी येतो आणि दरवर्षी तो मी ऑफिसात, चार माणसांत, स्पीकर चुकून चालू असताना घेतो. शेजारच्या टेबलावर नुकत्याच रुजू झालेल्या मुलीने तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिचा चेहरा उतरला. "सर, कुणाला लागला? फार लागलं का?"

मग तिला सांगावे लागले, की हस्त नक्षत्राला आमच्याकडे हत्ती म्हणतात. सूर्य २७ सप्टेंबरच्या आसपास त्यात शिरतो आणि पुढचे तेरा-चौदा दिवस तिथे मुक्काम ठोकतो. मुली पाटावर ज्याचे चित्र काढून भोंडला खेळतात, तोच हा हत्ती. भोंडला ती दरवर्षी सोसायटीच्या पार्किंगमध्ये खेळत होती, पण खिरापत ओळखून झाल्यावर तो हत्ती जातो कुठे, हे तिला ठाऊक नव्हते. तो सोलापूर जिल्ह्यात जातो आणि करडई पेरतो.

तिथे आमची अकरा एकर काळी जमीन आहे. सात-बाऱ्यावर माझे नाव आणि चिखलात नानांचे पाय, अशी आमची वाटणी. नाना माझे धाकटे चुलते. ज्वारी, हरभरा आणि चार एकर करडई हा त्यांचा रब्बीचा ठरलेला बेत. करडई हे पीक स्वभावाने आमच्या काकूसारखे. कमी पाण्यावर आणि त्याहून कमी कौतुकावर वाढते, मूळ खोल असते, आणि फार जवळ गेले की टोचते. (काकू हे वाचणार नाही, पण तिला वाचून दाखवणारा नातू घरात आहे. म्हणून स्पष्ट करतो, टोचते ती करडई.) पूर्वी ज्वारीच्या कडेने करडईची काकरी धरत, म्हणजे मोकाट गुरे आत शिरत नसत. फुले पिवळी-केशरी, त्यांच्यापासूनच तो जुना कुसुंबी रंग निघायचा. फलटणच्या निंबकर संस्थेने बिनकाट्याचे वाणही काढले आहेत. नानांना मी ते मोठ्या उत्साहाने सांगितले, तर म्हणाले, "काटं काढलं तर राखण कुणी करायची? तू येणार हाइस व्हय?"

या 'तू येणार हाइस व्हय'मुळेच पुढचे सगळे घडले.

झाले असे, की एके दिवशी ऑफिसात कुणीतरी मला विचारले, "तुमची शेती आहे म्हणता, म्हणजे तुम्ही नेमके काय करता?" मी बराच वेळ विचार केला आणि 'तेल आणतो' असे उत्तर दिले. ते मलाच लागले. त्या वर्षी ठरवून टाकले, की पेरणीला जायचे, चाड्यावर मूठ धरायची. पण हत्ती लागतो तेव्हा आमच्याकडे ३० सप्टेंबरची सहामाही अखेर असते. त्या दिवसांत रजा मागणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत आपण जेवायला बसून वाढप्याला घरी पाठवण्यासारखे. दिवाळी त्या वर्षी नोव्हेंबरच्या मध्यावर होती. मी फोनवर म्हणालो, "नाना, करडई तेवढी दिवाळीपर्यंत थांबवा की. मी येतो, मग पेरू."

पलीकडे थोडा वेळ नुसता रेडिओ ऐकू आला. मग नाना म्हणाले, "थांबतो की. माव्याला पण सांगतो थांबायला."

इथे माझा गोंधळ झाला, आणि तो क्षम्य आहे. आमच्या भागात मावा या शब्दाला तीन अर्थ. एक पेढ्यांचा. दुसरा सुपारी, तंबाखू आणि चुना चोळून केलेला. नाना गालात धरतात तो. तिसरा झाडावर पडतो तो. मला वाटले, नाना पान-टपरीवाल्याला निरोप धाडणार आहेत.

नाना थांबले नाहीत हे सांगायला नकोच. साडेतीन एकर त्यांनी हत्तीच्या ओलीवर पेरून टाकले आणि विहिरीजवळचा अर्धा एकर माझ्या हौसेसाठी मोकळा ठेवला. दिवाळी संपल्यावर मी गेलो. बी तेच, भीमा वाणाचे. दोन ओळींत दीड फूट अंतर तेच. पाभर तीच. शेजाऱ्याकडून बैल मागून आणले होते, कारण ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राला मूठ धरायला चाडे नसते आणि फोटोही चांगला येत नाही. फरक फक्त सहा-सात आठवड्यांचा होता. जमिनीतली ओल उडून गेली होती, म्हणून विहिरीचे पाणी देऊन उगवून घ्यावे लागले.

नकळत मी एक शास्त्रीय प्रयोग मांडला होता. सोलापूर आणि परभणीच्या संशोधन केंद्रांत करडईवर अशाच चाचण्या होतात: एकाच रानात, एकच वाण, पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने पेरायचा आणि कुणाचे काय होते ते बघत बसायचे. त्यांचा सल्ला नानांच्या हत्तीपेक्षा वेगळा नाही. सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. फार आधी पेरले तर परतीच्या पावसात पानांवर ठिपक्यांचा रोग येतो, उशिरा पेरले तर मावा. उत्तरेत मोहरीची गत हीच. तिकडे ऑक्टोबर उलटून गेल्यावर पेरलेल्या मोहरीवर मावा तुटून पडतो. तो वेगळ्या जातीचा, पण वेळेच्या बाबतीत इतकाच काटेकोर.

डिसेंबरच्या सुरुवातीला मी पुन्हा गेलो. रोपे दाट झाली होती, विरळणी करायची होती. विरळणीत उपटलेल्या कोवळ्या करडईची भाजी, तिच्यात मुगाची डाळ, लसणाची फोडणी आणि ज्वारीची कडक भाकरी. हे जेवण मिळाल्यावर मी नानांना म्हणालो, "बघा, उशिरा पेरल्याचा फायदा! तुमच्या करडईची भाजी आता कोण खाणार? नुसते काटे." नाना काही बोलले नाहीत. काकूने आणखी एक भाकरी वाढली. आमच्याकडे एखाद्याची कीव आली की काकू भाकरी वाढते, हे मला नंतर कळले.

डिसेंबर संपता संपता आभाळ आले. पाऊस नाही, ऊन नाही, नुसते मळभ आणि गारठा. नानांचा फोन आला, "पाव्हणं आल्यात. बघून जा."

माव्याबद्दल इथे दोन शब्द आदराने लिहायला हवेत. करडईवरचा मावा काळा, चकचकीत. पिल्ले तांबूस. त्याला दात नाहीत, सोंड आहे. ती कोवळ्या खोडात खुपसून तो रस ओढत बसतो. त्या रसात साखर भरपूर आणि बाकीचे पोषण कमी, म्हणून पोट भरायला त्याला फार प्यावे लागते आणि जास्तीची साखर मागच्या दाराने बाहेर टाकावी लागते. तोच पानांवर पडलेला चिकटा. चिकट्यावर काळी बुरशी चढते, पाने काजळतात आणि झाडाची चूल विझते. मुंग्यांना हा गोडवा ठाऊक आहे. त्या माव्याला मिशांनी गोंजारतात, थेंब पितात आणि बदल्यात त्याची राखण करतात. म्हणजे माझ्या अर्ध्या एकरात मला न विचारता एक दूध डेअरी सुरू झाली होती.

आणि हे वाढतात कसे! १७४० साली जिनिव्हात शार्ल बोने नावाच्या वीस वर्षांच्या मुलाने नुकतीच जन्मलेली माव्याची एक मादी एकटीला कोंडून ठेवली आणि भिंगातून तिच्यावर पहाटेपासून रात्रीपर्यंत पाळत ठेवली. नर जवळपास नाही, लग्न नाही, अंडे नाही. तरी बाईंना पिल्ले होऊ लागली. त्याने एकेकाची नोंद केली. एकूण ९५. तेव्हा विद्वान हादरले होते. माव्याच्या पोटात लेक असते आणि त्या लेकीच्या पोटात नात आधीच तयार होत असते. जन्मल्यावर आठ-दहा दिवसांत लेक आई होते. अशा घराण्याशी सामना करायला मी दिवाळीच्या सुटीत आलो होतो.

आता नानांच्या साडेतीन एकराकडे बघा. मावा तिथेही उतरला होता. पंख असलेल्या माद्या वाऱ्याबरोबर येतात आणि पहिल्यांदा कडेच्या झाडांवर टेकतात. पण नानांची करडई तोवर कंबरेपर्यंत आली होती, बोंडे धरली होती, खोड लाकडासारखे झाले होते. सोंड शिरायला कोवळी जागा शेंड्यालाच, तीही थोडी. माझी करडई नेमकी त्याच आठवड्यात उंच व्हायला निघाली होती. सगळी कोवळी, सगळी रसाळ. पंगत मांडली आणि पाहुणे दारात, असा योग मी स्वतःच्या हाताने जुळवून आणला होता. हत्तीलाही सोंड आणि माव्यालाही सोंड. पहिलीच्या मागून गेले नाही, की दुसरी आपल्याकडे येते.

नानांनी आपल्या रानात फार काही केले नाही. सकाळी बांधाबांधाने हिंडले, झाडे वाकवून बघितली, आणि कडेच्या चार-पाच हातांच्या पट्ट्यात तेवढे औषध मारले. "बांदावरनं येतोय, बांदावरच गाठायचा. आत गेला की मग सगळ्या रानाला पाणी पाजत बसा." तास-दीड तासात काम आटोपून ते पारावर जाऊन बसले. मी मोटारसायकल काढली आणि तालुक्याला गेलो.

कृषी सेवा केंद्राच्या मालकाने मला बघितले तेव्हा त्याच्या डोळ्यांत जी माया दाटून आली, ती मी आजवर फक्त विमा एजंटांच्या डोळ्यांत पाहिली आहे. त्याने काय पडले आहे हे विचारायच्या आधी किती एकर हे विचारले. अर्धा एकर ऐकल्यावर माया थोडी आटली, पण त्याने धीर सोडला नाही. एक बाटली माव्याची. एक बाटली 'पुढे येऊ नये' म्हणून. एक टॉनिक, कारण 'झाड दमलंय'. एक पुडी, जिच्यामुळे बाकीचे सगळे पानाला चिकटते. आणि एक टोपी फुकट. दोन हजार शंभर रुपये झाले. टोपी मला घट्ट होते.

औषध या शब्दाचीही गंमत आहे. आपण विषाला औषध म्हणतो आणि ते देत नाही, 'मारतो'. याच शब्दाला गावात दुसरा एक अर्थ आहे, त्याने किती घरे काळवंडली ते या हसऱ्या लेखात लिहीत नाही. एवढेच सांगतो, की बाटली घरात ठेवू नका.

सल्ल्याच्या पत्रकात डायमेथोएट ३० टक्के प्रवाही, दहा लिटर पाण्याला १३ मिलि असे छापलेले होते. हे औषध झाडाच्या रसात भिनते, आणि मावा रसच पितो, तेव्हा हिशेब सरळ आहे. पण पाठीवरचा पंप पंधरा लिटरचा. म्हणजे साडेएकोणीस मिलि. पत्रक लिहिणारा आणि पंप बनवणारा यांची एकदा भेट घडवून आणली पाहिजे. मी पेन काढून त्रैराशिक मांडत असताना नानांचा गडी म्हणाला, "दोन टोपण टाका." टोपण हे आपल्या शेतीचे खरे एकक आहे. कुणाचे टोपण, किती मोठे, भरून की काठोकाठ, हे परंपरेने ठरते. मी हट्टाने काकूच्या नातवाच्या खोकल्याच्या औषधाबरोबर आलेला मापाचा पेला घेतला, आणि तो पेला पुन्हा घरात आणायचा नाही अशी काकूने मला शपथ घातली. बरोबर केले.

फवारताना तोंडाला रुमाल, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, सगळा जामानिमा मी केला. फक्त वाऱ्याकडे तोंड करून उभा राहिलो. पहिला फवारा माव्याइतकाच मला मिळाला. नाना पारावरून ओरडले, "पाठ कर वाऱ्याला, लेका! मावा हिकडं हाय, तू न्हाइस."

पण खरी फजिती अजून यायची होती. फवारणीच्या आदल्या दिवशी मला झाडांवर एक भयानक अळी दिसली होती. करड्या रंगाची, अंगावर नारिंगी ठिपके, सुसरीच्या पिल्लासारखी चालणारी. माव्याच्या गर्दीत ती इकडून तिकडे फिरत होती. हीच सगळ्याचे मूळ, असा निष्कर्ष काढून मी बादलीत पाणी घेतले आणि दोन तास त्या अळ्या वेचल्या. एकशे बारा भरल्या. बादली नानांना अभिमानाने दाखवली.

नानांनी आत वाकून बघितले. बराच वेळ बघितले. "ह्यो ढालकिडा हाय. लाल पाठीवर काळं ठिपकं असतंय की, त्याची पिल्लं. मावाच खात्यात ही." मग बादली खाली ठेवून म्हणाले, "चोर ठेवलास आन् राखणदार बुडवलास."

ढालकिड्याची एक अळी मोठी होईपर्यंत शेकड्यांनी मावा खाते. मी त्या वेळी त्याला एकशे बाराने गुणले नाही. माणसाने आपले दुःख फार मोजू नये. राहिलेले ढालकिडे दुसऱ्या दिवशी माझ्या फवाऱ्याने गेले, कारण हे औषध चोर आणि राखणदार यांत भेद करत नाही. मावा मात्र पंधरा दिवसांत पुन्हा आला, आणि आता त्याला खायला कुणी शिल्लक नव्हते.

दुसऱ्यांदा मी बाटली आणली नाही. नानांनी आपल्या गालातला मावा थुंकून सांगितले, की त्यांचे वडील तंबाखू पाण्यात उकळून मारायचे. ते खोटे नाही. तंबाखूतल्या निकोटिनने मावा मरतो. हल्लीच्या एका मोठ्या कीटकनाशक कुळाला निओनिकोटिनॉइड म्हणतात, त्या नावात 'नवे निकोटिन' हाच अर्थ आहे. म्हणजे एका माव्याने दुसरा मावा मरतो आणि नाना तो पहिला रोज चघळतात. मी हे त्यांना अगदी सौम्य शब्दांत समजावून दिले. ते म्हणाले, "म्हणून तर मला मावा लागत न्हाई." डॉक्टरांनी काकूला जे सांगितले आहे ते वेगळे आहे, पण तो विषय घरात काढायचा नसतो. मी निंबोळी अर्क केला. पाच किलो निंबोळ्या कुटायला दोन दिवस लागले आणि हाताचा कडूपणा जायला चार. थोडा उपयोग झाला. तोवर माझ्या करडईला फुले आली होती आणि त्यांवर मधमाश्या आल्या होत्या, म्हणून पुढे काही मारायचेच नाही असे ठरले. हा माझा एकमेव शहाणा निर्णय, आणि तोही काकूचा.

नानांची करडई फेब्रुवारीत निघाली. ती पहाटे काढतात, दवाने काटे मऊ असतात तेव्हा, हाताला फडकी गुंडाळून. एकरी साडेतीन क्विंटल पडली. माझी मार्चच्या शेवटी उन्हात निघाली, दव नावाला नाही, काटे सुयांसारखे. अर्ध्या एकरात ६० किलो. दाणा बारीक आणि पोचट. घाण्यावर नेल्यावर घाणेवाल्याने मूठभर घेऊन फुंकर मारली, निम्मी उडाली. तेरा लिटर तेल निघाले. औषध, पाणी, बैलांचे भाडे आणि माझ्या पुणे-सोलापूर फेऱ्या धरल्या, तर ते तेल अत्तराच्या भावात पडते. आम्ही ते सणालाच वापरतो.

आमच्या गावात मी एकटाच उशिरा पेरणारा होतो असे समजू नका. मी निदान हौसेने केले. आता बहुतेकांच्या रानात खरिपाचे सोयाबीन असते, ते निघेपर्यंत हत्ती निघून गेलेला असतो. मग उशिरा करडई पेरून माव्याला पोसण्यापेक्षा लोक हरभरा टाकतात, आणि त्यांचे चूक नाही. करडईचे क्षेत्र आटत गेले त्याच्या कारणांत काटे आहेत, मजुरी आहे, भाव आहे, आणि हे बिघडलेले वेळापत्रकही आहे. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक आपण बाहेरून आणतो. नानांच्या शेजारच्या रानात पूर्वी करडई असायची. त्यांच्या घरी आता पिशवीतले पामतेल येते आणि बांधावरून बघून ते नानांना विचारतात, "यंदा घाण्याला कवा जाणार?"

यंदा मी रजेचा अर्ज ऑगस्टमध्येच दिला आहे. २६ सप्टेंबरपासून आठ दिवस. फॉर्मवर कारणाच्या रकान्यात दीड इंच जागा असते, तिच्यात मावले तेवढेच लिहिले, 'हत्ती.' साहेबांनी त्याखाली लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढून अर्ज परत पाठवला आहे. शेजारच्या टेबलावरची ती मुलगी म्हणते, मी जाऊन समजावून सांगते त्यांना.